पाठीमागच्या गुंड्या

मी रेनकोट. मोटारसायकलवर घालतात तो. रंग विचारू नका. होता तेव्हा निळा होता.

बोलायची हौस आहे म्हणून बोलत नाही. ओसरीवर माणूस बसलाय, पाऊस पडायलाय, आणि मला दुसरं काही करता येत नाही म्हणून बोलतो. ऐकायचं तर ऐका. नाहीतर व्हा पुढं. पुढंही पाऊसच आहे.

माझ्या जन्माचं सांगण्यासारखं फार नाही. कुठल्याशा कारखान्यात पत्र्याखाली बायका ओळीनं बसल्या होत्या. एकीनं कापलं, दुसरीनं शिवलं, तिसरीनं आतून शिवणीवर पट्टी ठेवून गरम करून चिकटवली. ती पट्टी म्हणजे आमचा जीव. कापडातून पाणी येत नाही, येतं ते शिवणीतून. शेवटच्या बाईनं घडी घातली आणि एवढ्याशा पिशवीत कोंबलं. त्या दिवशी मी त्या पिशवीत मावलो तेवढाच. नंतर आजपर्यंत एकाही माणसाला मला त्या पिशवीत परत घालता आलेलं नाही. शिकलेले लोकही हरले.

गळ्याजवळ माझ्या एक चिठ्ठी शिवलेली आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही. मला वाचता येत नाही आणि ज्यांना येतं त्यांनी कधी वाचली नाही.

माझ्यासोबत एक पँट होती. तिचा जन्म फुकट गेला. बूट न काढता तिच्यात पाय घालतो तो माणूस, एका पायावर लंगडी घालत, दुसऱ्याच्या खांद्याला धरून. पहिल्याच पावसात ती मधोमध उसवली. आता ती कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. कोंबड्या कोरड्या आहेत म्हणे. कुणाच्या तरी कामी आली.

बिदरच्या एका दुकानात मी दारातच टांगलेला होतो. गिऱ्हाईक आलं की दुकानदार माझ्या बाहीत तांब्याभर पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "बघा, थेंब तरी खाली यायलाय का?" यायचा नाही. तरी लोक बघून पुढं जायचे. माणसाची एक खोड मी तिथंच ओळखली. कोरडा माणूस रेनकोट घेत नाही. आधी भिजतो, मग घेतो.

नरसिंगही भिजूनच आला. अंगानं काटकुळा, मिशा पांढऱ्या, आणि दर दोन शब्दांना खोकला. मागं त्याची बायको शोभाबाई. तिनं मला उलटा केला, आतल्या शिवणीवर अंगठा दाबून दाबून बघितला.

"हा घेऊ," ती म्हणाली.

नरसिंगनं माझ्या बाह्या ताणून बघितल्या. "बाह्या लांब हाईत. डब्याला बसतोय बघ."

"डब्याला न्हाई घ्यायलो. तुमाला घ्यायलो."

"व्हय व्हय, मलाच," तो म्हणाला. मी तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण समजून तरी काय करणार होतो?

तर हा डबा काय प्रकार, ते ऐका. नरसिंग राहायला जनवाड्याला. धंदा टोस-खारी-बन विकायचा. सकाळी मोटारसायकलवर बिदरला जायचं, बेकरीतून ताजा माल डब्यात भरायचा, आणि परत जनवाड्यावरून औराद रोडची गावं करायची. डबा पत्र्याचा, टेबलाएवढा, मागच्या कॅरियरला सुतळीनं बांधलेला. झाकणाची बिजागरी तुटलेली. टोसाला पाऊस चालत नाही. थोडी जरी ओल लागली की तो टोस राहत नाही, ओला बोळा होतो.

प्लॅस्टिक नव्हतं का, म्हणून विचाराल. होतं की. खताच्या पोत्याचं होतं, ताडपत्रीचा तुकडा होता. गाडीनं वेग घेतला की वारा खालून शिरतो आणि प्लॅस्टिक फडफड करून निम्मं वर उडतं. मला मात्र बाह्या आहेत. मला डब्यावर पसरायचं, टोपी झाकणावर ओढायची, आणि दोन्ही बाह्या डब्याच्या पोटाखालून नेऊन गाठ मारायची. मग वाऱ्याच्या बापाला मी हलत नाही. हे नरसिंगला दुकानातच दिसलं होतं. त्यानं बाह्या उगीच ताणल्या नव्हत्या.

आता त्याच्या छातीचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. तरुणपणी हा शहाबादकडं फरशी कापायला होता. ती पांढरी धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली आणि छातीत बसली. बिदरच्या डॉक्टरनं शोभाबाईच्या समोर स्पष्ट सांगितलेलं, "यांची छाती आधीच निम्मी कामातून गेलीय. पावसाळ्यात भिजू देऊ नका. एकदा चांगले भिजले की पुढचं माझ्या हातात नाही."

म्हणून ती मला घेऊन आली. आणि पहिल्याच पावसात हा काय करतो?

चिंचेखाली गाडी थांबवली. तिथं आणखी पाच-सहा जण थांबलेले. सगळे आपापला रेनकोट पिशवीतून ओढून काढायलेत, उलटा का सुलटा बघायलेत, आणि घालून होईपर्यंत ओलेचिंब व्हायलेत. यानं मला अंगातून काढला आणि डब्यावर घातला.

एकानं विचारलं, "अण्णा, रेनकोट टोसाला अन् पाणी तुला?"

"मी वाळतो," नरसिंग म्हणाला, "टोस वाळत न्हाई."

मी डब्यावर बसलो. समोर त्याची पाठ. शर्ट पाठीला चिकटलेला, त्याखालून एकेक बरगडी मोजून घ्यावी. माणसासाठी शिवलेलं माझं अंग, आणि मी पत्र्याला कवटाळून बसलेला. खाली टोस खुशाल कोरडे. हसावं का रडावं?

याला एक कारण होतं. त्या कारणाचं नाव चनमल्लप्पा.

औराद रोडला आत वळून एक गाव आहे. तिथं वेशीजवळच्या कट्ट्यावर हा म्हातारा बसायचा. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, तोंडानं फाटका. नरसिंग पहिल्यांदा त्या गावात टोस घेऊन गेला तेव्हा मी नव्हतो, पण ही गोष्ट त्यानं गाडीवर स्वतःशी बोलताना इतक्यांदा सांगितलीय की मी होतो असंच मला वाटतं. हा बौद्धवाड्यातला माणूस. डब्याभोवती लोक जमले, बघितलं, वास घेतला, पण हात कुणी पुढं करेना. कामून ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा चनमल्लप्पा कट्ट्यावरून उतरला. नरसिंगच्या हातातून टोस घेतला, कानाजवळ नेऊन मोडला. कट्ट आवाज झाला. मग आपल्या कपातल्या चहात बुडवून सगळ्यांदेखत खाल्ला.

"कुरकुरीत हाय की रे," म्हणाला. "बघत काय बसलाव? घ्या."

तेव्हापासून ते गाव नरसिंगचं झालं. आणि तेव्हापासून चनमल्लप्पा रोज टोस कानाशी मोडून बघायचा. आवाज आला तर खायचा. नाही आला तर परत द्यायचा.

मी यायच्या आधी एकदा पावसानं माल ओलावला. म्हाताऱ्यानं टोस मोडला. आवाज नाही. कट्टाभर माणसं बसलेली.

"नरसिंगा, हे टोस हाय का चपलीचा तळ?"

"पाऊस लागला, अप्पा."

"पाऊस तुला लागू दे की. टोसाला कामून लावलास?"

कट्टा खदखदून हसला. नरसिंगही हसला. म्हातारा तर मस्करीच करत होता, दुसऱ्या मिनिटाला त्यानं नरसिंगला स्वतःचा चहा दिला. पण माणसाचं असं असतं. शंभर शहाण्या गोष्टी या कानानं ऐकून त्या कानानं सोडतो आणि मस्करी छातीत जपून ठेवतो. पाऊस नरसिंगला, हे त्या दिवशीच पक्कं झालं; म्हणून मी आलो तो टोसासाठीच.

शोभाबाईला हे कळायला वेळ लागला नाही. नवरा भिजून येतो आणि टोस कोरडे परत येतात, म्हणजे काय ते तिनं ओळखलं. भांडून बघितलं. रडून बघितलं. डब्याला वेगळं झाकण करा म्हणाली, तो "करू की" म्हणाला. "करू की" म्हणजे न्हाई, हे तिला ठाऊक.

मग तिनं डोकं चालवलं. आमच्या भागात पुष्कळ जण गाडीवर रेनकोट उलटा घालतात. पाठ पुढं, बटणं मागं. समोरून वारं आत शिरत नाही, छाती झाकलेली राहते. एका सकाळी ती म्हणाली, "उलटा घाला. छातीला वारं लागणार न्हाई."

त्यानं घातला. तिनं मागची टिचबटणं लावली. बिचारी खूश. हा पावसात थांबला, मला काढायला हात मागं नेला, एक हिसका दिला, टिचबटणं टपाटप सुटली. पुन्हा मी डब्यावर.

तिनं टिचबटणं उसवून टाकली. चिटगुप्प्याला तिचं माहेर. तिथून येताना तिनं कोटाच्या मोठ्या काळ्या गुंड्या आणल्या. सहा आणल्या, पाठीवर ओळीनं लावल्या. काजं इतकी आवळ केली की तिला स्वतःलाच लावताना दात-ओठ खावे लागायचे. मानेपासून कमरेपर्यंत सहा गुंड्या. ज्याच्या पाठीवर आहेत त्याला त्या दिसत नाहीत, आणि त्याचा हात तिथं पोचत नाही.

"आता काढून दाखवा," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी मला माणसाच्या अंगावर पक्का बसवला होता.

त्यानं एकदा डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. गळ्यात अडकला. रस्त्याच्या कडेला दोन्ही हात वर, तोंड माझ्या आत, लोकर कापायला धरलेल्या मेंढरासारखा उभा. उद्धवरावांनी हॉटेलातून धावत येऊन खाली ओढला.

हे उद्धवराव म्हणजे मांजरा नदीच्या पुलापलीकडं ज्यांचं चहाचं हॉटेल आहे ते. शोभाबाई त्यांच्याकडं स्वतः जाऊन आली होती. त्यांच्याकडंच नाही, रस्त्याला जेवढी ओळखीची माणसं तेवढ्या सगळ्यांना सांगून आली होती, "दादा, त्येंनी गुंड्या काढा म्हणतील. काढायच्या न्हाईत. माझ्या गळ्याची आण हाय."

मग काय, साऱ्या रस्त्याला खेळच मिळाला.

"या नरसिंगअण्णा! कुलूप हाय का आज? चावी कुणापाशी?"

"उद्धवराव, एवढी वरची एक काढा. मान आवळायलीय."

"वरची एक काढली की खालच्या पाच तू गोड बोलून काढून घेतोस. चहा पी."

"मी काय ल्हान लेकरू हाय का?"

"ल्हान लेकराच्या गुंड्या पुढं असतेत, अण्णा."

नरसिंग चिडायचा, फुरंगटायचा, पण चहा पिऊन निघायचा. टोस भिजायचे. चनमल्लप्पा टोस मोडायचा, आवाज यायचा नाही. पण त्यालाही निरोप पोचलेला होता. तो तसाच चहात घालून खायचा आणि म्हणायचा, "नरम हाय ते बरं. मला आता दात कुठं राहिलेत?"

तो पूर्ण पावसाळा नरसिंग कोरडा राहिला. खोकला निम्म्यावर आला. शोभाबाई संध्याकाळी दारात त्याची पाठ वळवायची, एकेक गुंडी काढायची आणि शर्टावरून तळहात फिरवायची. कोरडा. मग आत जाऊन चहा टाकायची. तिच्या तळव्याची ती ऊब मला शर्टाच्या पलीकडून कळायची. माझा चांगला काळ कुठला म्हणून विचारलं तर तेवढाच.

यंदाच्या श्रावणात झड लागली. त्या सकाळी जरा उघडीप होती, तरी तिनं मला उलटा घालून सहाच्या सहा गुंड्या लावल्या. नरसिंग बिदरला बेकरीत माल भरत होता तेव्हा फोन आला. चनमल्लप्पाच्या मुलाचा, शरणप्पाचा.

नरसिंग नुसतं "व्हय... व्हय..." म्हणत होता. मग म्हणाला, "कधी?"

म्हातारा पहाटे गेला होता. शरणप्पाचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. "पाव्हणे यायलेत, मामा. घरची चूल पेटायची न्हाई. शेजारचे चहा देतेत. तू तेवढे टोस घेऊन ये."

आमच्याकडं अशी रीत आहे. ज्या घरात माणूस गेलं, तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी चहा आणतात, आणि चहासोबत कुणीतरी टोस आणतं. रडून रडून ज्यांच्या पोटात काही नाही, त्यांच्या पोटात तेवढाच जातो.

नरसिंगनं डब्यातून बन काढले, खारी काढली. नुसते टोस भरले, वरपर्यंत. भरताना एक टोस कानाजवळ नेऊन मोडला. कट्ट.

येताना जनवाडा लागलं. घराकडं वळायच्या कोपऱ्यावर त्यानं गाडी हळू केली. मला वाटलं, वळतोय. घरी जाऊन बायकोला सांगेल, गुंड्या काढ म्हणेल, ती काढणार नाही, दोघं भांडतील. भांडू द्या. पण तो वळला नाही. तिनं नाही म्हटलं तर तिचा शब्द मोडता येणार नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं विचारलंच नाही.

पूल ओलांडला आणि पाऊस सुरू झाला. असला पाऊस की समोरची एसटी दिव्यावरून ओळखावी. उद्धवरावांच्या हॉटेलपाशी गाडी थांबली.

"उद्धवराव, गुंड्या काढा."

"झालं का सुरू?"

"चनमल्लप्पा गेले."

उद्धवरावांनी हातातली किटली खाली ठेवली. नरसिंग पाठ करून उभा राहिला. उद्धवरावांचा हात माझ्या वरच्या गुंडीपर्यंत आला. मग हात मागं गेला.

"न्हाई, अण्णा. म्या वैनीला शब्द दिलाय."

"त्येंच्या घरी चपलीचा तळ घेऊन जाऊ का आज?"

"मेल्या माणसाला टोस कोरडा का ओला, काय कळतंय? तू जित्ता हाईस."

उद्धवराव खरं बोलले होते. त्या दिवशी रस्त्यावर शहाणं म्हणून जे बोललं गेलं, ते एवढंच. नरसिंगनं ऐकलं, मान हलवली आणि गाडीला किक मारली.

पुढं फाट्यावर एसटीचा निवारा आहे. तिथं एक म्हातारी एकटीच बसली होती, गाठोडं पोटाशी धरून. ईरम्मा नाव, तिनंच सांगितलं. परगावची, लेकीकडं निघालेली. तिला दिसत कमी होतं. आणि तिला कुणी निरोप दिलेला नव्हता.

नरसिंग तिच्यासमोर जाऊन पाठ करून खाली बसला. "अव्वा, माझ्या पाठीच्या गुंड्या काढ की जरा."

म्हातारीनं हात पुढं केला, चाचपलं. "कोण लावलं रे हे मागं?"

"मीच."

"तुझा हात मागं पोचतोय व्हय?" ती हसली. तोंडात एक दात. "खोटं बोलायलास. कुणीतरी लावलंय. घट्ट लावलंय बग. जीव हाय तिचा तुज्यावर."

"काढ, अव्वा. लई घाई हाय."

मी काय करू शकत होतो? काज आवळून धरलं, जेवढं माझ्याच्यानं आवळेल तेवढं. पण मला हात नाहीत, नुसत्या बाह्या आहेत. ओरडायला तोंड नाही, नुसता गळा आहे. म्हातारीची बोटं सुरकुतलेली, पण जन्मभर गाठी सोडवलेली. पहिली गुंडी निघाली, दुसरी निघाली. "जाताना लावून घे रे बाबा," म्हणत म्हणत तिनं सहाही काढल्या. तिला दोष देत नाही. एका माणसानं पाठ केली, मदत मागितली, तिनं केली. आपल्याकडं याला पुण्य म्हणतात.

आणि मी डब्यावर गेलो. टोपी झाकणावर, बाह्या पोटाखालून, गाठ.

पुढच्या रस्त्याचं मी काय सांगू? सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्याच्या मानेवरून पाणी वाहत होतं, पाठीवरून वाहत होतं, आणि मी हातभर अंतरावर टोसांना कवटाळून बसलो होतो. मध्येच तो खोकायला लागला की गाडी डुलायची. एकदा थांबून त्यानं डब्याच्या खाली हात घालून माझी गाठ चाचपली. पक्की होती. मी ती सैल सोडली असती तरी त्यानं पुन्हा बांधली असती.

चनमल्लप्पाच्या दारात माणसं जमली होती. म्हाताऱ्याला त्यांच्या रितीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलेलं, कपाळाला ताजी विभूती, गळ्यात हार. नरसिंगनं आधी दुरूनच हात जोडले. मग गाठ सोडली, मला बाजूला केलं, झाकण उघडलं. शेजारून चहाचं पातेलं आलं. शरणप्पानं पहिला टोस घेतला, आणि का कोण जाणे, बापासारखाच कानाजवळ नेऊन मोडला.

कट्ट.

दारात सगळ्यांना ऐकू गेलं. शरणप्पाला तिथंच हुंदका फुटला. नरसिंगच्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, मी ओट्यावर पडलो होतो. पण तो म्हणाला ते ऐकलं. "कुरकुरीत हाय की, अप्पा."

माती होईपर्यंत तो थांबला. दुपारनंतर पाऊस ओसरला. शर्ट त्याच्या अंगावरच वाळला. शरणप्पानं दुसरा देतो म्हटलं तर नको म्हणाला, दुसऱ्याचा शर्ट बघितला की बायको ओळखेल. निघताना मात्र त्यानं मला पुन्हा उलटा घातला आणि शरणप्पाकडं पाठ केली. "तेवढ्या गुंड्या लाव बाबा. जशा होत्या तशा."

शरणप्पानं लावल्या. पण त्याचे हात त्या दिवशी त्याचे नव्हते. पहिली गुंडी दुसऱ्या काजात गेली, दुसरी तिसऱ्यात. खालची एक गुंडी तशीच लोंबत राहिली. मला कळत होतं. नरसिंगला कसं कळणार? त्याच्या पाठीवर होतं.

जनवाड्याला पोचलो तेव्हा दिवस होता अजून. शोभाबाई दारात उभी. चनमल्लप्पाची बातमी तिला गावात कळली होती. नरसिंगनं नेहमीसारखी पाठ वळवली. तिची बोटं वरच्या गुंडीवर आली आणि थांबली. वरचं काज रिकामं होतं.

तिनं एक-एक करून सगळ्या काढल्या. मग शर्टावरून तळहात फिरवला. शर्ट कोरडा होता. तरी तळहात तिथंच राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. नरसिंग न वळता उभा होता.

"टोस कोरडे गेले का?" तिनं विचारलं.

"गेले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आत जाऊन चहा टाकला.

भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात ताप आला. मग धाप लागायला लागली. बिदरला नेलं. डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "छातीत पाणी झालंय."

"त्या दिवसाचंच हाय," शोभाबाई म्हणाली.

"आक्का, पावसाचं पाणी असं आत जात नसतं. हे आतलं आतच तयार होतं."

डॉक्टर शिकलेला आहे, तो म्हणतो तसं असेल. पण तिला ते पटलं नाही आणि मलाही पटत नाही. आम्हा दोघांना तो रस्ता माहीत आहे. सुईनं पाणी काढलं, बाटली भरली. आठ-पंधरा दिवसांत परत भरलं. गाडी चालवायची नाही म्हणाले. गाडी आता कडुनिंबाखाली आहे. डब्यात शेंगा ठेवल्यात.

आणि मी? मला वाटलं, मीही आता पँटीसारखा खुराड्यावर जाणार. पण नाही. नरसिंगला आत झोपवत नाही, आडवा झाला की श्वास कोंडतो. म्हणून तो दिवसभर ओसरीवर भिंतीला टेकून बसतो. वाऱ्यानं पावसाची सर आत आली की शोभाबाई मला खुंटीवरून काढते, त्याच्या पुढून घालते, पाठीमागं जाऊन सहा गुंड्या लावते. आता एकही चुकत नाही.

"वरची एक राहू दे की, शोभा. दम घुटायलाय."

"न्हाई."

कधीतरी उद्धवराव येतात. बाजूला बसतात. "कुलूप हाय का अण्णा?" म्हणतात, पण पहिल्यासारखं नाही. नरसिंग हसतो, मग खोकतो. उद्धवराव दुसरीकडं बघतात.

मी उलटा असतो, म्हणून त्याची छाती माझ्या पाठीला लागून असते. बाहेरून सर येते, माझ्या अंगावरून घरंगळून जाते. थेंब आत जाऊ देत नाही मी. शिवणीची पट्टी दोन जागी सुटलीय, तरी नाही. शोभाबाई येऊन आत हात घालून बघते. कोरडा. एकदम कोरडा. आणि आतून, माझ्या पाठीला, त्या पाण्याचा आवाज येतो. प्रत्येक श्वासाला. मला बाहेरचा पाऊस अडवता येतो. तो आत पडायला लागला तर मी कुठून अडवू?

तुम्हाला एकच विचारायचं आहे. तुम्ही रस्त्यानं जाता, तुम्हाला पाऊस लागतो, तुम्हीही कुठंतरी निवाऱ्याला थांबता. तिथं एखादा माणूस उलटा रेनकोट घालून येईल. तुमच्यासमोर पाठ करून बसेल, म्हणेल, गुंड्या काढा. तेव्हा काढा म्हणू का काढू नका म्हणू? काढल्या नसत्या तर त्या दिवशी त्या दारात आवाज झाला नसता. काढल्या तर ओसरीवरचा हा आवाज आहे. मी दोन्ही ऐकलेत. मला ठरवता येत नाही.

तुम्ही माणसं आहात. तुम्हाला हात आहेत. तुमचं तुम्ही बघा.

सर आली बघा परत. शोभाबाई आली खुंटीकडं. वळा, नरसिंगअण्णा, पाठ करा.